हेराल्ड उभी करताना: पैसा आधी खाली, रंग शेवटी

जुनी स्टँडर्ड हेराल्ड मोटार बघायला जाताना एक साधं चुंबक आणि एक टोकदार स्क्रूड्रायव्हर बरोबर घ्या. चुंबक फडक्यात गुंडाळून दरवाजाच्या खालच्या कडेवरून आणि मागच्या चाकाच्या कमानीवरून फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं पत्रा संपला आणि लांबी (पुट्टी) सुरू झाली. मग गाडीखाली शिरा आणि चासीपासून (खालच्या सांगाड्यापासून) बाजूला निघालेल्या आडव्या हातांना, म्हणजे आउटरिगरला, स्क्रूड्रायव्हर टोचा. बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडच्या पावसात उघड्या शेडमध्ये उभी राहिलेली गाडी वरून चकाकत असली तरी इथं टोक सरळ आत जातं. गेलं, तर किंमत पाडून मागा. इंजिन बंद आहे म्हणून मात्र घाबरू नका, कारण इंजिनाचं काम मापात बसतं. गंजाचं बसत नाही.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं ही गाडी 1961 पासून बांधली. मूळची ट्रायम्फ हेराल्ड 1959 ची, डिझाइन जोव्हानी मिकेलोत्ती यांचं. 1962 ची ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स गाडी हेराल्डच्याच यंत्रसामग्रीवर बेतलेली, म्हणून पुढच्या सस्पेन्शनचे बरेच भाग आजही इंग्लंडहून नवे येतात. 1968 ची मार्क थ्री चार दारांची. 1972 च्या गॅझेलला मागं वेगळा अॅक्सल आहे, तिचे मागचे भाग हेराल्डला चालतील असं धरून चालू नका. हौसेसाठी घ्यायची तर दोन दारांचीच घ्यावी.

पैसे देण्याआधी आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. कोल्हापूरची एमएच-09 गाडी बेळगावात केए-22 वर आणायची तर कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी (फॉर्म 28) लागते, नावावर करायला फॉर्म 29 आणि 30, शिवाय कर्नाटकचा कर वेगळा. नोंदणी संपली असेल तर फॉर्म 25 भरून पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. 20 वर्षांवरच्या मोटारीला 2025 पासून त्याची फी 10,000 रुपये आहे. 50 वर्षांपुढच्या गाडीला 2021 च्या नियमानुसार ‘व्हीए’ मालिकेचा विंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. पण त्या नंबरावर गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, संशोधन आणि पेट्रोल-दुरुस्तीपुरती बाहेर काढता येते. दर रविवारी गोव्याच्या वाटेवरचा चोर्ला घाट गाठायचा बेत असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

कामाचा क्रम पावसावर बसवा. जून ते सप्टेंबर इंजिन आणि गिअरबॉक्स. पत्रा पाऊस ओसरल्यावर, रंग नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घासून उघडा केलेला पत्रा एका रात्रीत तांबूस होतो आणि दमट हवेत मारलेला लॅकर पांढुरका पडतो.

हेराल्डची बॉडी चासीवर बोल्टनं बसते. पुढचं नाक, मधला भाग, मागचा भाग आणि टप (छत) असे तुकडे सुटे होतात. सोपं वाटतं आणि नेमकं तिथंच फसायला होतं. बॉडी उचलण्याआधी दरवाजाच्या चौकटीत 1 इंची चौकोनी पाइप आडवा आणि तिरका वेल्डिंगचा टाका मारून घ्या, नाहीतर बॉडी वाकते आणि पुढं दरवाजा जन्मभर नीट लागत नाही. प्रत्येक बोल्टखालच्या पॅकिंगच्या चकत्या मोजून वेगळ्या पिशवीत ठेवा, पिशवीवर जागा लिहा. दरवाजाच्या फटी या चकत्यांवरच जुळतात.

उघडी चासी बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात शॉट ब्लास्टिंगला द्यायला हरकत नाही. दरवाजे आणि नाक मात्र चुकूनही देऊ नका. कास्टिंग साफ करणाऱ्या छर्‍यांच्या माऱ्यानं पातळ पत्रा लाटांसारखा होतो, त्याला हातानंच पॉलिश पेपर लावा. आउटरिगरला 16 गेजचा पत्रा आणि सीओटू वेल्डिंग. गॅसनं केलं तर उष्णता पसरून माप सरकतं. टिंकरिंगवाल्याशी एकरकमी ठरवू नका, टप्प्याटप्प्यानं द्या आणि ‘लांबी लावायच्या आधी मला बोलवायचं’ ही अट घाला. तो दिवस चुकला की आत काय झाकलं ते कळत नाही.

मिळत नसलेला ब्रॅकेट किंवा मॅनिफोल्ड ओतून घेणं हे बेळगावकरांचं सुख, पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना), ओतकाम, लेथ सगळं गावातच. पण जुनाच भाग पॅटर्न म्हणून वाळूत दाबला तर नवा भाग लहान येतो. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं, म्हणजे 300 मिलिमीटर लांबीला 3 मिलिमीटर गेलेच, आणि बोल्टची भोकं जुळत नाहीत. पॅटर्नमेकरला आकसण्याची आणि मशीनिंगची सूट सांगून लाकडी पॅटर्न करून घ्या, भोकं लेथवाल्याकडं पाडा.

इंजिन 948 सीसीचं, साधं. पहिली तपासणी अशी: एकाला क्लच दाबायला बसवा आणि तुम्ही पुढच्या पुलीकडं बघा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढं सरकत असेल तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर झिजलेत. डायल गेजवर 4 ते 8 थाऊ (इंचाचे हजारावे भाग) इतकी हालचाल चालते. त्याहून जास्त तसंच चालवलं तर वॉशर सुटून खाली संपमध्ये (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या तबकात) पडतात आणि क्रँक ब्लॉकलाच खाते. हेड उतरवलंच आहे तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीट बसवून घ्या, सीटची झीज रोखणारं शिसं असलेलं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं. ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचं) काढून चौथ्या सिलिंडरच्या मागचा गाळ तारेनं खरवडा, घाटात गाडी तापते ती बहुतेक यानंच. टॅपेटची फट थंड इंजिनावर 10 थाऊ, प्लगची 25, पॉइंटची 15. आणि पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल आहे, आपल्याच उसाचं असलं तरी जुन्या रबराला ते मानवत नाही. पाइप आणि पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घाला.

आता पुढचं चाक. ते खाली एका पितळी ट्रनियनवर उभं असतं. त्यात उभ्या पोलादी दांड्याचा आटा बसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की दांडा त्या आट्यात फिरतो. त्यात 90 नंबरचं गिअर ऑइल जातं, ग्रीस नव्हे. मेकॅनिक सवयीनं ग्रीस मारतात. ग्रीस आत घट्ट होतं, तळापर्यंत पोचत नाही, तिथं पाणी साचून दांड्याचा आटा गंजतो आणि एके दिवशी दांडा तिथंच तुटून चाक आडवं पडतं. ट्रनियनचा छोटा स्क्रू काढून निपल लावा, ग्रीसगनमध्ये ऑइल भरा आणि वरच्या सीलमधून पाझरेपर्यंत दाबा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. नवं बसवताना डाव्या-उजव्याचे आटे उलट असतात हे ध्यानात ठेवा. पूर्ण आवळायचं आणि स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरेल इतकंच, एका फेऱ्याच्या आत, मागं घ्यायचं. सगळ्या गाडीत हा खर्च सर्वात कमी दिसणारा, आणि तोच पहिला करायचा.

मागचा हब हातोड्यानं काढू नका, फ्लँज वाकतो. जाड पुलर करून घ्या.

पहिले 50 किलोमीटर गावातच फिरवा, मग हेडचे नट मापात तपासा, चारही हबना हात लावून कोणता जास्त तापतो ते बघा. 25 फुटांत वळणारी गाडी बेळगावच्या बाजारातल्या गणपत गल्लीत घातली की खर्चाचा विसर पडतो. चोर्ल्यात मात्र जपून. मागची चाकं स्वतंत्र झुलतात. ओल्या वळणात मध्येच अॅक्सिलरेटर सोडला तर बाहेरचं चाक पोटाखाली दुमडतं आणि शेपूट सुटते. ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात पाय हलका पण दाबलेला ठेवा.