लहान मुलांसह पुण्यात राहायला येताना वस्ती कशी निवडावी

पुण्यात नोकरी लागली किंवा बदली झाली, की आपण आधी भाड्याचा आकडा ठरवतो, मग मोबाइलवर घरांची छायाचित्रे पाहतो आणि शेवटी कार्यालयाचे अंतर मोजतो. घरात पाच-सहा वर्षांखालील मूल असेल तर हा क्रम उलटा करावा, असे माझे अनुभवान्ती झालेले मत आहे. कमावती माणसे दिवसाचे दहा तास वस्तीबाहेर असतात; मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती मात्र सगळा दिवस त्या वस्तीतच काढते. म्हणून मुलाचा उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस आधी कागदावर लिहून काढावा. दूध, बालवाडी किंवा पाळणाघर, संध्याकाळचे खेळणे, ताप आला तर डॉक्टर, यांपैकी किती गोष्टी मुलाचे बोट धरून चालत जाऊन करता येतात, त्यावर वस्ती जोखावी. घर त्यानंतर शोधावे.

आम्ही २०१८ च्या जूनमध्ये लातूरहून आलो, तेव्हा मुलगी चार वर्षांची आणि मुलगा नऊ महिन्यांचा होता. दोनच वर्षांपूर्वी ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरातली आम्ही माणसे. पण खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर अशी चार धरणे उशाशी असलेल्या पुण्यात पाण्याची चौकशी करावी लागेल, हे आमच्या मनातही आले नाही. शहराच्या पूर्व टोकाला नव्या इमारतीत नवव्या मजल्यावरचे, भरपूर उजेडाचे घर घेतले आणि पहिल्याच आठवड्यात फाटकाशी टँकरची रांग पाहिली. वापरायचे पाणी टँकरचे आणि बोअरचे, पिण्याचे पाणी जारमधून विकत, आणि टँकर उशिरा आला की बाळाचे कपडे तसेच पडून. त्यामुळे कोणी विचारले, की मी पाण्यापासूनच सांगायला सुरुवात करते.

पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे समाविष्ट झाली. हद्द एका अधिसूचनेने वाढते. जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि शुद्धीकरण केंद्रे यायला मात्र वर्षे लागतात. म्हणून ‘महापालिकेचे पाणी आहे’ एवढ्या उत्तरावर थांबू नये. पाणी रोज येते की दिवसाआड, किती वेळ येते, ते थेट शुद्धीकरण केंद्रातून येते की गावच्या जुन्या विहिरीतून, आणि उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हे चारही प्रश्न वेगवेगळे विचारावेत. उत्तर एजंटकडून घेऊ नये. सोसायटीच्या कार्यालयात मागच्या एप्रिल-मेमधला टँकरचा खर्च विचारावा, कारण तो हिशेबात लिहिलेला असतो. आणि पाणी सोडणाऱ्या किंवा पहारा करणाऱ्या माणसाशी दोन मिनिटे बोलावे, कारण त्याला पाण्याची वेळ पाठ असते. पुण्यात दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवण्याची पद्धत जुनीच आहे. त्यामुळे शुक्रवारी सकाळी त्या इमारतीत पाणी किती दाबाने येते, हेही विचारून ठेवावे.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्यावरील नांदेड गाव, किरकटवाडी आणि परिसरात गुलेन बारी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा दूषित अन्नपाण्यातून पसरणारा जिवाणू सापडला आणि त्या भागाला पाणी पुरवणाऱ्या विहिरीकडे सर्वांचे लक्ष गेले. तेवढ्यावरून तो परिसर टाळावा, असे मी म्हणणार नाही. मात्र पाण्याचा स्रोत आणि त्याचे क्लोरिनेशन यांविषयी विचारायला संकोच वाटू देऊ नये. रांगणाऱ्या मुलाच्या घरात तर हा पहिला प्रश्न असावा.

पाण्याची दुसरी बाजू म्हणजे पूर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने कात्रजपासून सहकारनगर, अरण्येश्वरपर्यंत घरे आणि वाहने वाहून नेली, माणसे दगावली. २५ जुलै २०२४ रोजी मुसळधार पाऊस आणि खडकवासल्याचा विसर्ग यांमुळे सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत इमारतींच्या तळमजल्यांमध्ये पाणी शिरले. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ही निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा ही लाल रेषा. पाहिलेली इमारत नदीच्या जवळ असेल तर विकास आराखड्याच्या नकाशात ती या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे तपासावे. ओढ्यांच्या बाबतीत मात्र नकाशापेक्षा डोळे आणि कान अधिक उपयोगी पडतात. इमारतीच्या मागे अरुंद, भिंती घालून वळवलेला नाला दिसला, की पार्किंगमधल्या भिंतींवर ओलीची आडवी रेघ आहे का ते पाहावे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराला ‘२०१९ ला इथे पाणी कुठपर्यंत आले होते?’ असे थेट विचारावे. जुना दुकानदार हाताने उंची दाखवून सांगतो.

यानंतर शाळा. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबर रोजी सहा वर्षे आणि नर्सरीसाठी तीन वर्षे पूर्ण असावी लागतात, त्यामुळे मूल कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात जाणार हे आजच ठरवता येते. खासगी शाळांचे बालवर्गाचे अर्ज दिवाळीच्या आसपासच निघू लागतात. मे महिन्यात सामान घेऊन येणाऱ्या पालकाला उरलेल्या जागांमधूनच निवड करावी लागते. शिक्षणहक्क कायद्यानुसार राखीव असलेल्या २५ टक्के जागांसाठी तुम्ही पात्र असाल, तर वस्तीची निवड हीच जवळजवळ शाळेची निवड ठरते. त्या प्रवेशात शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांना आधी प्राधान्य मिळते, त्यानंतर एक ते तीन किलोमीटरच्या आतील मुलांचा विचार होतो, आणि भाड्याने राहणाऱ्यांना निवासाच्या पुराव्यासाठी नोंदणीकृत भाडेकरार लागतो. करार अर्ज भरण्याआधी झालेला असावा, याची काळजी घ्यावी. मुलांना मराठी माध्यमात घालायचे असेल, तर तो निर्णय घर शोधण्याआधी घ्यावा अशी माझी आग्रहाची विनंती आहे. पेठा, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर अशा जुन्या भागांत मराठी शाळांची परंपरा आहे. आयटी कंपन्यांभोवती वाढलेल्या नव्या उपनगरांत त्या शोधाव्या लागतात, आणि चार वर्षांच्या मुलाला व्हॅनमध्ये दीड तास बसवून मराठी शाळेत पाठवणे हा त्या मुलावर अन्याय आहे.

आई आणि वडील दोघेही नोकरी करत असतील आणि एकाचे कार्यालय शहराच्या पश्चिमेला हिंजवडीत, दुसऱ्याचे पूर्वेला खराडीत असेल, तर पुष्कळ जोडपी नकाशावर मधला बिंदू शोधतात. त्यात दोघांचाही वेळ रस्त्यावर जातो आणि पाळणाघरातून ‘बाळाला ताप आलाय’ असा फोन आला तर कोणीच अर्ध्या तासात पोहोचू शकत नाही. माझ्या मते असा फोन आल्यावर ज्याला कार्यालयातून उठून निघता येते, त्याच्या कामाच्या जवळ घर घ्यावे, आणि दुसऱ्याने लांबचा प्रवास पत्करावा. दुसऱ्याला शक्य असेल तर मेट्रोचा आधार घेता येतो. वनाझ ते रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट हे मार्ग सुरू झाल्यापासून या मार्गांवरच्या वस्त्यांचा हिशेब बदलला आहे. मात्र स्थानकाचे अंतर जाहिरातीतल्या मिनिटांवर न सोडता स्वतः चालून पाहावे. वाटेत आठ पदरी रस्ता ओलांडावा लागत असेल, तर कडेवर मूल घेतलेल्या माणसासाठी ते स्थानक जवळ नाही.

चालण्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण वस्ती लहान मुलांची आहे की केवळ वाहनांची, हे पदपथावर कळते. मोठा माणूस बारा-तेरा मिनिटांत जे किलोमीटरभर अंतर चालतो, त्याला चार वर्षांचे मूल सहज वीस-पंचवीस मिनिटे घेते, आणि परतताना कडेवर बसते. त्यामुळे दूध, भाजी, औषधे, बालवाडी आणि बाग ही पाच ठिकाणे शक्यतो अर्ध्या किलोमीटरच्या आत असावीत. मूल आणि बाबागाडी बरोबर घेऊनच तो फेरा मारावा. पदपथ कुठे संपतो, कुठे त्यावर दुचाकी उभ्या असतात, वळणावर काँक्रीट मिक्सर किंवा टँकर किती वेगाने येतात, हे मूल सोबत असले की नेमके दिसते. जिथे बांधकामे जोरात आहेत, तिथे पुढची काही वर्षे धूळ आणि अवजड वाहने राहणार, हे गृहीत धरावे. ज्यांच्या मुलांना दमा किंवा बालदमा आहे त्यांनी अशा भागात उजेड, हवा आणि स्वस्त भाडे पाहून भुलू नये. घरासमोरचा रिकामा भूखंड पाहून मन सुखावते, परंतु विकास आराखड्यात तिथे उद्यान आहे, शाळेचे आरक्षण आहे की चोवीस मीटर रुंदीचा डीपी रस्ता, म्हणजे आराखड्यात आखलेला रस्ता, आहे, हे नकाशात पाहिल्याशिवाय त्या दृश्याची किंमत देऊ नये.

बाग जवळ असेल तर तिच्या वेळा पाहाव्यात. महापालिकेची अनेक उद्याने दुपारी बंद असतात. सोसायटीत संध्याकाळी साडेपाचला जाऊन उभे राहावे. मुले खेळताना दिसतात का, आणि ‘येथे खेळण्यास मनाई आहे’ अशी पाटी किती ठिकाणी आहे, हे दोन मिनिटांत समजते. आम्ही दुसरे घर घेतले ते तीन मजली, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतीत होते, पण खाली आठ-दहा मुले, कट्ट्यावर बसणाऱ्या चार आज्या आणि हाकेच्या अंतरावर बालवाडी होती. सासूबाई गावाहून येऊन राहू लागल्या त्या त्या कट्ट्यामुळेच. घरात गुडघेदुखीचे ज्येष्ठ असतील तर लिफ्टविना तिसरा मजला अर्थातच घेऊ नये. आमचे घर पहिल्या मजल्यावर होते.

डॉक्टरांच्या बाबतीत दोन वेगवेगळ्या चौकशा कराव्यात. रोजच्या सर्दी-तापासाठी बालरोगतज्ज्ञ चालण्याच्या अंतरावर असावेत, आणि रात्री दोन वाजता मुलाला आकडी आली तर लहान मुलांचा अतिदक्षता विभाग असलेले जवळचे रुग्णालय कोणते, तिथे रात्री बालरोगतज्ज्ञ हजर असतात का, हे फोन करून आधीच विचारावे. महापालिकेच्या दवाखान्यांत बाळांचे नियमित लसीकरण मोफत होते. गावाकडून येताना माता व बाल संरक्षण कार्ड सामानाच्या खोक्यात न टाकता हातात ठेवावे, म्हणजे पुढचा डोस चुकत नाही.

एवढे सगळे एका रविवारच्या दुपारी कळत नाही, आणि घरे दाखवणारे बहुधा रविवारची दुपारच देतात. कोणत्याही वस्तीला किमान तीनदा जावे. कामाच्या दिवशी सकाळी सात ते साडेआठ, म्हणजे शाळेच्या व्हॅन आणि कंपन्यांच्या बस एकाच वेळी रस्त्यावर असतात तेव्हा. संध्याकाळी सात ते नऊ. आणि लग्नसराईतल्या एखाद्या रात्री. म्हात्रे पूल ते राजाराम पूल या डीपी रस्त्यासारख्या, मंगल कार्यालयांनी भरलेल्या भागात लहान बाळ झोपवणे किती अवघड जाते, हे तिथे रात्री साडेनऊला उभे राहिल्यावरच समजते. शक्य असेल त्यांनी आदल्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये एक फेरी करावी. शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने बहुतेकजण एप्रिल-मेमध्ये घर पाहतात आणि पावसाळ्यातली वस्ती त्यांना राहायला आल्यावरच दिसते. प्रत्येक भेटीत तिथल्या एका तरी आईशी बोलावे. ‘इथे कसे आहे?’ असे विचारले तर ‘छान आहे’ एवढेच उत्तर मिळते. ‘मूल आजारी पडले की कुठे नेता?’ आणि ‘व्हॅन किती वाजता येते, किती वाजता सोडते?’ असे विचारले की खरी माहिती मिळते.

पहिल्याच वर्षी घर विकत घेऊ नये, हे मी प्रत्येकाला सांगते. पावसाळा, उन्हाळा आणि शाळेचे एक वर्ष त्या वस्तीत काढल्याशिवाय वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेण्यात शहाणपण नाही. पुढे घ्यायचेच झाले, तर महारेरा या गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची नोंदणी आणि बांधून झालेल्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार बंधनकारक आहे आणि ती नोंदणी करवून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे; ‘नोंदणी नंतर करू’ असे म्हणणाऱ्याचे घर, शाळाप्रवेशाचा विचार करता, आपल्या उपयोगाचे नाही. करारातील किमान मुक्कामाची अट नीट वाचावी. आमच्या पहिल्या करारात ती अकरा महिन्यांची होती, त्यामुळे दुसऱ्याच महिन्यात चूक लक्षात येऊनही आम्हाला पूर्ण मुदत काढावी लागली. लहान मुले असलेल्या कुटुंबाने ही अट तीन महिन्यांच्या वर मान्य करू नये. त्यासाठी थोडे अधिक भाडे पडले तरी द्यावे. वस्ती मुलांना मानवली की नाही, याचा निर्णयही मुदत संपताना न घेता दिवाळीतच घ्यावा, कारण शाळांचे अर्ज तेव्हा निघतात आणि बदलायचेच असेल तर नव्या वस्तीतल्या शाळेत नाव घालायला तोच काळ हाताशी असतो.