यंत्र दाखवण्याआधी पेटंटचा अर्ज: कोल्हापुरातल्या उद्यमनगर-शिरोलीच्या कारखानदारांसाठी

गुऱ्हाळाच्या चुलवाणात (भट्टीत) चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला उसाचा चोथा, आपोआप सारणारा फीडर तयार झाला, की पहिल्यांदा त्याचा व्हिडिओ व्हॉट्सॲपवर जातो. मग कृषी प्रदर्शनात स्टॉल लागतो, चार ऑर्डरी येतात. पेटंट आठवतं ते त्यानंतर, वाय. पी. पवार नगरातल्या दुसऱ्या शेडमध्ये तसाच फीडर वेल्ड होताना दिसल्यावर. तोवर बहुधा हातातून गेलेलं असतं. अर्जाच्या तारखेआधी जगात कुठेही उघड झालेली गोष्ट कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, आणि उघड करणारे तुम्ही स्वतः असलात तरी हाच नियम लागतो. सवलती आहेत, पण फार अरुंद. सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेल्या प्रदर्शनात दाखवलं असेल तर १२ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो. चाचणीसाठी लोकांसमोर चालवणं खरोखर गरजेचं होतं हे दाखवता आलं, तर अर्जाआधीच्या एका वर्षातली चाचणीही माफ असते. गावोगावची कृषी प्रदर्शनं सहसा अधिसूचित नसतात. त्यामुळे क्रम एकच ठेवा: आधी अर्ज, मग व्हिडिओ. चाचणीला एखादं गुऱ्हाळ लागणारच असेल, तर मालक आणि गुळव्या (गूळ करणारा कारागीर) या दोघांकडून ५०० रुपयांच्या मुद्रांकावर गोपनीयतेचा करार सही करून घ्या आणि त्या दिवसांत कोणालाही मोबाइलवर शूटिंग करू देऊ नका.

अर्जाआधी पेटंटच हवं का, हेही तपासा. काहीलीच्या (रस उकळायच्या मोठ्या कढईच्या) कडेचा नवा बाक, पंपाच्या बॉडीचा आकार, हुपरीतल्या पैंजणाची नक्षी, म्हणजे डोळ्यांना दिसणारं रूप असेल तर ते डिझाइन नोंदणीचं काम आहे. लहान उद्योगाला त्याची फी १००० रुपये असते आणि संरक्षण १० वर्षं मिळतं, ते आणखी ५ वर्षं वाढवता येतं. नावाला आणि लोगोला ट्रेडमार्क. भौगोलिक मानांकन वेगळंच असतं. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं, पण ते त्या प्रदेशातल्या उत्पादकांच्या मालाला आहे. गुळाला मानांकन आहे म्हणून गूळ करणाऱ्या यंत्राला कसलंही कवच मिळत नाही.

काही गोष्टींचं पेटंट घेऊच नये असं आमचं ठाम मत आहे. फाउंड्रीत कोअरची वाळू, बाइंडर आणि भाजण्याची वेळ यांचं तुमचं गणित तयार कास्टिंग पाहून कोणाला ओळखता येत नसेल, तर ते गुपितच ठेवा. पेटंट म्हणजे सगळं लिहून जाहीर करायचं आणि बदल्यात अर्जाच्या तारखेपासून २० वर्षांचा हक्क घ्यायचा. भिंतीआड चाललेली नक्कल सिद्ध करता येणार नसेल तर तो सौदा तोट्याचा. उलट फीडर बाजारात विकला जातो, कोणीही विकत घेऊन खोलून बघू शकतो. तिथे गुपित टिकत नाही, पेटंटच लागतं.

आता कायद्याची चाळण. पेटंट कायदा १९७० च्या कलम ३ मध्ये काय शोध मानला जात नाही याची यादी आहे. आपल्या भागातले अर्ज जास्त करून ३(एफ) वर अडकतात: ज्ञात वस्तू नुसत्या एकत्र मांडल्या आणि प्रत्येक वस्तू आपलं जुनंच काम स्वतंत्रपणे करत राहिली, तर तो शोध नाही. चुलवाणाच्या तोंडाशी कन्व्हेयर उभा केला, एवढ्यावर काही मिळणार नाही. मोबाइल ॲप किंवा निव्वळ सॉफ्टवेअर ३(के) मध्ये अडतं, शेती करण्याची पद्धत ३(एच) मध्ये, आणि पारंपरिक ज्ञान ३(पी) मध्ये.

शोधाशोध स्वतः करा, पैसे लागत नाहीत. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर इनपास नावाची शोधयंत्रणा आहे, शिवाय गूगल पेटंट्स आणि युरोपचं एस्पासनेट. शब्द इंग्रजी असतात, म्हणून एका वस्तूची चार-पाच नावं घेऊन शोधा: बगॅस, सॉलिड फ्युएल, फीडर, स्टोकर, ओपन पॅन, जॅगरी. शब्दांपेक्षा वर्गीकरणाचा क्रमांक जास्त उपयोगी पडतो. भट्टीला इंधन पुरवण्याचा वर्ग एफ २३ के, साखरेच्या उत्पादनाचा सी १३ बी, फाउंड्रीच्या साच्यांचा बी २२ सी, ओतकामाचा बी २२ डी, मागाचा डी ०३ डी. जवळची दहा-पंधरा पेटंटं निवडा आणि फक्त त्यांचे क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर हे सांगणारी वाक्यं, वाचा. साखर कारखान्याच्या बॉयलरसाठी तापमान पाहून बगॅस टाकणारे फीडर यात सापडू शकतात. सापडले तर नाउमेद होऊ नका, पेटंट कार्यालयाचा परीक्षक हेच दाखले पुढे करणार असतो. ते आधीच माहीत असले की आपलं वेगळेपण नेमकं कुठे आहे ते धरता येतं.

ते वेगळेपण इथे कुठे आहे? उसाचा रस बराच वेळ १०० अंशांच्या थोडं वर उकळत राहतो. पाणी उडून पाक दाटला की तापमान भराभर चढतं आणि साधारण ११८ अंशांवर काहील उतरवायची असते. पण आत गेलेलं चिपाड जळत राहतं, भट्टीच्या विटाही तापलेल्या असतात. फीडर ११८ वर बंद केला तर पाक पुढे जातो, करपतो, गूळ काळा पडतो. चांगला जळव्या (चुलवाणात जाळ घालणारा) हे ओळखतो आणि आधीच हात आखडता घेतो. तुमचा नियंत्रक रसाचं तापमान किती वेगाने चढतंय ते पाहून आधीच चिपाड कमी करत असेल, तर सेन्सर, नियंत्रक आणि फीडर एकमेकांत गुंतून नवं काम करतात. ३(एफ) ला उत्तर तेच आहे आणि बॉयलरच्या दाखल्यालाही तेच.

क्लेमवरच सगळं ठरतं. बाकी पानं क्लेम समजावण्यासाठी असतात. हक्क मिळतो तो क्लेममध्ये लिहिलं तेवढ्याचाच. आपल्याकडे क्लेम कोटेशनसारखा लिहिण्याची सवय आहे: "३ एचपी मोटर, १५० मिमी व्यासाचा स्क्रू आणि एमएस पत्र्याचा हॉपर असलेला चिपाड फीडर." या क्लेमला काही किंमत नाही. समोरचा २ एचपी मोटर लावतो, स्क्रूऐवजी पुशर बसवतो आणि मोकळा होतो. लिहिलेल्या घटकांपैकी एक जरी समोरच्याच्या यंत्रात नसेल, तर उल्लंघन सिद्ध करणं फार जड जातं. म्हणून मुख्य क्लेममध्ये ज्याशिवाय शोध चालतच नाही तेवढंच ठेवा. उदाहरणार्थ:

"उघड्या काहिलीखालच्या भट्टीला घन इंधन पुरवणारी व्यवस्था, जिच्यात इंधन भट्टीत सारणारा घटक, काहिलीतल्या द्रवाचं तापमान मोजणारा सेन्सर, आणि त्या तापमानाच्या वाढीच्या वेगावरून इंधनाचा पुरवठा ठरवणारा नियंत्रक आहे, द्रव ठरलेल्या अंतिम तापमानाला पोचण्याआधीच हा नियंत्रक पुरवठा कमी करतो."

यात चिपाड हा शब्द नाही, कारण उद्या कोणी लाकडाचा भुसा वापरेल. एचपी नाही, मिलिमीटर नाही, ११८ ही नाही. ते सगळं खालच्या अवलंबी क्लेममध्ये घाला: "क्लेम १ मधली व्यवस्था, ज्यात सारणारा घटक स्क्रू आहे", "ज्यात तो मागेपुढे सरकणारा पुशर आहे", "ज्यात अंतिम तापमान ११६ ते १२० अंश आहे". मुख्य क्लेम परीक्षकाने पाडला तरी यांतला एखादा वर उचलून उभं राहता येतं. दहापर्यंत क्लेम मूळ फीमध्येच बसतात, त्यापुढे लहान उद्योगाला दर क्लेमला ३२० रुपये. बारा-तेरा झाले तर खर्च करा, इथे काटकसर नको.

वर्णनात सर्वांत चांगली माहीत असलेली पद्धत लिहिणं बंधनकारक आहे, ती लपवली तर पेटंट रद्द होऊ शकतं. आकडे द्या: त्याच उसाचा रस, तीच काहील, एकदा साधा चालू-बंद फीडर आणि एकदा तुमचा. दर खेपेला लागलेली मिनिटं, जळलेलं चिपाड किलोत, गुळाचा रंग. निदान पाच-सहा खेपांची नोंद तारखेसह असावी. हे आधीच का, तर अर्जानंतर नवा मजकूर घालता येत नाही. दुरुस्ती म्हणजे फक्त कमी करणं, चूक सुधारणं, खुलासा करणं. शीर्षक १५ शब्दांत, गोषवारा १५० शब्दांत. चित्रं ए-फोर कागदावर, भागांना क्रमांक देऊन, पण मापं न टाकता. वर्कशॉपचं कॅडचं ड्रॉइंग मापांसकट जोडणं ही नेहमीची चूक आहे.

अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत करावा लागतो, मराठीत चालत नाही. काहील, चुलवाण हे शब्द तसेच ठेवले तर वर्णनात एकदा अर्थ सांगा. पेटंट एजंटाला काम दिलंत तर त्याने लिहिलेला प्रत्येक क्लेम मराठीत समजून घ्या आणि स्वतःलाच विचारा: मला यातून पळवाट काढायची असती तर काय बदललं असतं? एजंट नोंदणीकृत आहे का, हे पेटंट कार्यालयाच्या यादीत बघा. एजंटाशिवाय स्वतःही अर्ज करता येतो.

शोधक कोण, हा प्रश्न लाजेखातर टाळू नका. वेगावरून फीड कमी करायची कल्पना फिटरची असेल, तर शोधक म्हणून नाव फिटरचंच लागतं. मालकाने पैसे घातले म्हणून मालक शोधक होत नाही, आणि फिटर पगारावर आहे एवढ्यावरून त्याचा हक्क आपोआप कंपनीकडे येत नाही. फॉर्म १ मध्ये शोधकाने अर्जदाराच्या नावे सही करायची जागा आहे, ती तिथेच घ्या. नाहीतर हक्काचा पुरावा अर्जापासून सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि तोवर माणूस नोकरी सोडून कागलला गेलेला असू शकतो. ज्याचं डोकं चाललं त्याचं नाव कागदावर येणं हे न्यायाचंही आहे.

यंत्र अजून सुधारत असेल तर तात्पुरता अर्ज करा. तारीख पक्की होते आणि पूर्ण वर्णन द्यायला १२ महिने मिळतात. हे १२ महिने चुकले तर अर्ज सोडून दिल्याचं मानतात. तात्पुरता म्हणजे एक पान खरडून देणं नव्हे. त्यात जे नाही त्याला ती तारीख मिळत नाही. स्क्रू आणि पुशर दोन्ही डोक्यात असतील तर दोन्ही लिहा.

महाराष्ट्राचे अर्ज मुंबई कार्यालयाकडे जातात, ते ऑनलाइन भरता येतात, त्यासाठी क्लास ३ ची डिजिटल सही लागते. फॉर्म १ अर्जाचा, २ वर्णनाचा, ३ परदेशी अर्जांच्या माहितीचा, ५ शोधकांच्या घोषणेचा. एजंट असेल तर २६. फर्म किंवा कंपनीच्या नावावर अर्ज असेल तर उद्यम प्रमाणपत्रासह (लहान उद्योग म्हणून नोंदणीचा दाखला) फॉर्म २८ जोडा, नाहीतर फी पाचपट बसते. व्यक्ती आणि लहान उद्योगाला अर्जाची फी १६०० रुपये, ३० पानांपर्यंत, पुढे दर पानाला १६० रुपये. परीक्षणाची विनंती, म्हणजे फॉर्म १८, ४००० रुपये, आणि ती वेगळी करावी लागते. अर्ज भरला म्हणजे कोणी आपोआप तपासत नाही. १५ मार्च २०२४ पासूनच्या अर्जांना यासाठी ३१ महिने मिळतात, पूर्वी ४८ मिळत. जुन्या माणसाच्या सल्ल्याने ४८ धरून बसलात तर अर्ज मेला. घाई असेल तर फॉर्म ९ ने अर्जाची लवकर प्रसिद्धी, २५०० रुपये, आणि फॉर्म १८ ऐवजी १८ए ने जलद परीक्षण, ८००० रुपये. लहान उद्योग, स्टार्टअप, किंवा अर्जदारांत एखादी महिला असलेल्या व्यक्तींना १८ए मिळतो.

पहिला परीक्षण अहवाल आक्षेपांनी भरलेला येतो, तो नकार नसतो. उत्तराला सहा महिने असतात. क्लेमचा घटक आणि दाखल्यातला मजकूर शेजारीशेजारी मांडा, काय नाही ते दाखवा, आणि खेपांचे आकडे पुढे करा. "आमचं यंत्र स्वस्त आणि टिकाऊ आहे" हे उत्तर चालत नाही.

अर्ज क्रमांक मिळाल्यावर यंत्रावर "पेटंट पेंडिंग" लिहिता येतं, त्याआधी लिहिणं गुन्ह्यासारखंच आहे, खोट्या दाव्याला दंड होतो. मंजुरी होईपर्यंत दावा लावता येत नाही, पण मंजुरीनंतर प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागता येते. मंजूर झाल्यावर हॉपरच्या प्लेटवर पेटंट क्रमांक आणि वर्ष कोरा. नुसता "पेटंटेड" शब्द पुरत नाही. क्रमांक नसेल तर "मला माहीत नव्हतं" म्हणून समोरचा भरपाईतून सुटू शकतो.

नूतनीकरण तिसऱ्या वर्षापासून: सहाव्यापर्यंत वर्षाला ८०० रुपये, दहाव्यापर्यंत २४००, पंधराव्यापर्यंत ४८००, विसाव्यापर्यंत ८०००. सगळे मिळून ७६,८०० रुपये. मंजुरी उशिरा आली तर साचलेली फी मंजुरीच्या नोंदीपासून तीन महिन्यांत एकदम भरायची असते, ती रक्कम बाजूला ठेवा. तारीख हुकली तर दंडासह सहा महिने, त्यानंतर बंद पडलेलं पेटंट जिवंत करायला बंद पडल्यापासून १८ महिन्यांत फॉर्म १५. पेटंट वापरात आहे की नाही हे सांगणारा फॉर्म २७ आता दर तीन आर्थिक वर्षांतून एकदा भरायचा असतो. पाचव्या-सहाव्या वर्षी फीडरची मागणी संपली असेल, तर फी भरणं थांबवा आणि तो पैसा पुढच्या अर्जाला लावा.