कोल्हापुरातून दाजीपूर एका दिवसात: पहाटे गवा, रात्री परतीची रेल्वे

अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांकडे कोल्हापुरात बहुधा एक मोकळा दिवस असतो आणि त्याच रात्रीचं महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट असतं. तेवढ्या वेळात दाजीपूरच्या जंगलात जाऊन गवा बघून परत येता येतं का, असं मला सारखं विचारलं जातं. येतं, आणि धावपळ न करता येतं. मात्र सकाळी दर्शन, मग मिसळ, मग पन्हाळा आणि 'जाता जाता दुपारी दाजीपूर' असा बेत कुणी आखून दिला असेल तर तो आधी रद्द करा. पन्हाळा एका दिशेला, दाजीपूर दुसऱ्या दिशेला. शिवाय भर दुपारी गवा दाट झाडीत सावलीला बसून रवंथ करत असतो. त्या वेळी जंगलात जाणं म्हणजे ऐंशी किलोमीटर जाऊन झाडं मोजून येणं. दाजीपूरला जायचं तर त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका, आणि पहाटे निघा.

जाण्याआधी

राधानगरीच्या वन्यजीव विभागाच्या कार्यालयात आदल्या दिवशी फोन करून तीन गोष्टी विचारा: उद्या प्रवेश चालू आहे का (आठवड्यात एक दिवस बंद असतो आणि पावसाळ्यात सफारी बंदच राहते), गेट किती वाजता उघडतं, आणि स्थानिक जीप व वाटाड्या मिळेल का. मिळणार असेल तर तिथूनच ठरवून टाका. खासगी गाडी आत सोडत असतील तरीही जीपच घ्या. रस्ता दगडगोट्यांचा आहे, बुटक्या गाडीचं पोट घासतं. शिवाय रोज त्याच वाटेनं फिरणाऱ्या माणसाचे डोळे तुमच्याकडे नाहीत.

ओळखपत्र, रोख पैसे, पाणी, दुर्बीण. आत मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे फोनवरून पैसे पाठवायच्या भरवशावर राहू नका. कपडे मातकट किंवा हिरवट. पांढरा शर्ट आणि लाल ओढणी घरी राहू द्या, अत्तरही. डिसेंबर-जानेवारीत उघड्या जीपमध्ये कानटोपी लागतेच.

कधी जावं? पक्षी बघायचे असतील तर हिवाळा. गव्यासाठी मार्चअखेर ते मेअखेर, कारण ओढे आटतात आणि जनावर उरलेल्या पाणवठ्यांवर येतं.

पहाटेचा रस्ता

चार वाजता कोल्हापूर सोडा. रंकाळ्याकडून साने गुरुजी वसाहत, पुईखडी, हळदी, परिते, राधानगरी आणि पुढे फोंडा घाटाच्या वाटेवर दाजीपूर. पहिली एसटी पकडून गेट उघडायच्या वेळी पोचता येत नाही, स्वतःची किंवा भाड्याचीच गाडी हवी. डिझेल-पेट्रोल शहरातच भरा.

या रस्त्यावर एकच गोष्ट जपायची. ऊसतोडणीच्या हंगामात भोगावती कारखान्याच्या आसपास दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारातच चाललेले असतात. कित्येकांना मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. उसाच्या मोळ्या ट्रॉलीच्या बाहेर हातभर आलेल्या असतात आणि समोरून येणाऱ्याच्या हेडलाइटमध्ये त्या अजिबात दिसत नाहीत. ड्रायव्हरला आधीच सांगा: परितेपर्यंत घाई नाही, ओव्हरटेक नाही. राधानगरीच्या पुढं धरणाच्या पाण्यावरून धुकं येतं, तिथंही तेच.

जीपमध्ये बसल्यावर

आता खरी अवघड जागा. इथवर सगळं नीट करून आलेली माणसं याच टप्प्यावर रिकाम्या हातानं परततात, आणि मग 'दाजीपुरात काही नसतं' असं जाऊन सांगतात. मलाही हा टप्पा उमगायला बराच काळ गेला.

अडचण अशी आहे की जीपवाल्याला फेरीचे पैसे मिळतात. एक फेरी संपली की दुसरी मिळण्याची आशा असते, त्यामुळे तो थांबत नाही. त्यात त्याचा दोष नाही, त्याचं घर त्यावर चालतं. पण चालत्या जीपमधून दाजीपूरचं जंगल दिसत नाही. ताडोब्यासारखं मोकळं रान इथं नाही. इथं डंग आहे, म्हणजे घनदाट जंगल. जांभूळ, अंजनी, हिरडा, खाली कारवीची गच्च दाटी, आणि दहा पावलांपलीकडे काळोख. टनभर वजनाचं जनावर त्या काळोखात उभं असतं आणि आपण घरघर करत समोरून निघून जातो.

म्हणून निघण्याआधीच, गेटवर उभं असताना, जीपवाल्याशी स्पष्ट बोला. मी म्हणतो, "मामा, फेरी अर्धीच झाली तरी चालेल, पैसे पूर्ण देतो. पण मी सांगेन तिथं इंजिन बंद करायचं." या एका वाक्यानं दिवस बदलतो. मामांच्या डोक्यावरचं घड्याळ उतरतं, आणि खरं म्हणजे त्यांनाही असं फिरणं आवडतं. मग तेच सांगायला लागतात की काल संध्याकाळी कळप कुठं होता.

दुसरं, क्रम. पहाटे गवे सड्याच्या कडेला चरायला उघड्यावर आलेले असतात. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं सपाट पठार, वर झाडं नाहीत, नुसतं गवत. ऊन चढलं की कळप पुन्हा डंगात शिरतो. त्यामुळे आधी सड्याकडे चला, सावराईच्या बाजूला. कोकण दिसणारा पॉइंट, फोटो काढायच्या जागा हे सगळं परतीच्या वाटेवर. बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. पहिल्याच पॉइंटवर उतरून अर्धा तास सेल्फी काढतात आणि सड्यावर पोचतात तोवर तिथं फक्त खुरांचे ठसे असतात.

तिसरं, थांबायचं कुठं. रस्त्यावर शेणाचा पो दिसला की जीप हळू करायला सांगा. वरून सुकून खपली धरलेली असेल तर तो कालचा, पुढं चला. ओला, चकाकता असेल, त्यावर माश्या बसल्या असतील, तर कळप जवळ आहे. इंजिन बंद. बोलणं बंद. दहा मिनिटं तरी कुणी हलायचं नाही. सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही, कारण आपल्या कानात जीपचाच आवाज भरलेला असतो. तो ओसरला की कारवीच्या काड्या मोडल्याचा कडकड आवाज येतो. तो वारा नसतो. वाऱ्यानं पानं वाजतात, काड्या मोडत नाहीत.

मग बघायचं कसं? डोळ्यांच्या रेषेत बघू नका, खाली बघा. गव्याचं अंग काळं, सावलीत मिसळून जातं, पण चारही पाय गुडघ्यापासून खाली पांढरट असतात. झाडीच्या बुंध्याशी पांढरे डाग ओळीत दिसले आणि त्यातला एखादा पुढं सरकला, की समजा. एकदा मी ज्याला जळका बुंधा समजून बघत होतो, त्याला कान होता. माशी उडवायला तो कान एकदा फडकला, आणि मग त्या बुंध्याला पाठीचा उंचवटा आला, शिंगं आली, दोन शिंगांमधला राखाडी कपाळाचा पट्टा आला. नंतर त्याच झाडीत तपकिरी माद्या आणि एक वासरू दिसलं. जीप तिथंच उभी होती आणि ती सगळी जनावरं आधीपासून आमच्याकडेच बघत होती.

गव्याचं नाक तीक्ष्ण असतं. वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर जास्त वेळ घालवू नका, थोडं पुढं जाऊन थांबा. आणि डंगात खाणं नको. भडंगाची पिशवी उघडल्याचा आवाज जंगलात फार लांब जातो.

एकटा नर समोर आला तर

कळप माणसाला टाळतो. फुत्कार टाकतो आणि आत जातो. कळपाबाहेरचा एकटा नर मात्र रस्त्यात उभा राहतो. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी साडेपाच-सहा फूट भरतो. तो तुमच्यासमोर आडवा होऊन सगळं अंग दाखवत उभा राहिला, तर तो तुम्हाला आपला आकार दाखवतोय. ती धमकी आहे. हॉर्न वाजवायचा नाही, ओरडायचं नाही, फोटोसाठी आणखी जवळ जायचं तर मुळीच नाही. जीप आहे तिथंच, किंवा हळूच मागं. त्याचं समाधान झालं की तो बाजूला होतो. मान खाली घालून खूर आपटायला लागला तर वाटाड्या सांगेल ते निमूट करायचं.

जीपमधून खाली उतरू नका. हे मी कळकळीनं सांगतो. कोल्हापूरच्या वेशीवरच्या उसात गवा शिरल्याच्या बातम्या वाचून लोकांना वाटतं की हे जनावर गाईम्हशींसारखंच आहे. घाबरलेला गवा क्षणात वळतो आणि त्याच्यापुढं पळून कुणी वाचत नाही.

रात्री दाजीपूरच्या रस्त्यावर बॅटरी मारून गवे दाखवतो म्हणणारे भेटतात. त्यांच्या गाडीत बसू नका. डोळ्यांवर प्रकाशझोत पडलेलं जनावर कुठं धावेल ते त्यालाही कळत नाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गव्याला सर्वोच्च संरक्षण दिलेलं आहे, त्याला असं छळणं गुन्हा आहे.

वाघाचं काय?

राधानगरीच्या जंगलात वाघ कॅमेरा ट्रॅपमध्ये आलेला आहे. तिलारी-गोव्याकडून चांदोली-कोयनेकडे जाण्याच्या त्याच्या वाटेवर हे जंगल पडतं. एका सकाळच्या सफारीत तो दिसेल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. इथं यायचं ते गव्यासाठी. कोल्हापूरच्या छत्रपतींचं हे शिकारीचं रान होतं, आणि १९५८ मध्ये ते गव्यांसाठीच अभयारण्य झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. १९८५ मध्ये राधानगरीचा परिसर जोडून ते ३५१ चौरस किलोमीटरचं झालं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांत त्याचा समावेश आहे. गव्याची वाट बघताना वर मान केली तर शेकरू दिसतं. पंखांचा सूं-सूं आवाज आला तर धनेश. भेकर कुत्र्यासारखं भुंकायला लागलं तर बिबट्या जवळ असू शकतो, तेव्हा पुन्हा इंजिन बंद.

परत

हा हिशेब शेवटाकडून मांडायचा. महालक्ष्मी रात्री नऊच्या सुमारास सुटते, नेमकी वेळ तिकिटावर बघा. कोल्हापुरात सहाला असायचं. म्हणजे दाजीपूर उशिरात उशिरा दोनला सोडायचं. सफारी साडेदहा-अकरापर्यंत आटोपते, त्यामुळे मधे पुरेसा वेळ उरतो. उगवाईच्या देवळात जाऊन या. राधानगरीत जेवा. तांबडा-पांढरा हवा असेल तर सकाळी जातानाच खानावळीत सांगून ठेवा, ऐनवेळी तासभर बसावं लागतं. धरण वाटेवरच आहे. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेलं, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. पावसाळ्याबाहेर ते बंदच असतात, त्यामुळे तिथं पंधरा मिनिटं पुरतात.

दोन ते सहा हे चार तास जास्त वाटतील. ठेवाच. दुपारी तेच ऊस ट्रॅक्टर कारखान्याच्या दारात रांगा लावून उभे असतात आणि एखादी ट्रॉली उलटली की रस्ता तासभर बंद. काही अडलं नाही तर साडेचारपर्यंत शहरात पोचाल, आंघोळ करून अंबाबाईचं दर्शन घ्याल आणि स्टेशनला जाल. नवरात्रात किंवा नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरच्या किरणोत्सवाच्या दिवसांत आलात तर मात्र दर्शन आदल्या दिवशीच उरकून घ्या. त्या दिवसांत संध्याकाळी देवळाची रांग हलत नाही.

आणि एवढं करूनही रेल्वे चुकलीच, तर टॅक्सी करून मिरजेला तिच्या मागं धावू नका. रात्री कोल्हापुरातून पुण्या-मुंबईकडे एसटी आणि खासगी बस निघतात. सरळ मध्यवर्ती बसस्थानक गाठा आणि जी पहिली मिळेल तीत बसा.