घोटा मुरगळलाय? निदान या चुका तरी करू नका

चढाईत बोनस गुण टिपून मागे वळताना पाऊल बाहेरच्या कडेवर पडतं आणि आत दुमडतं. कबड्डीत घोटा बहुतेकदा असाच जातो. पाच-दहा मिनिटांत घोट्याच्या बाहेर लिंबाएवढी सूज येते आणि तेवढ्यात कुणीतरी तेलाची बाटली घेऊन येतं.

पहिल्याच दिवशी चोळणं. हे थांबवायला सांगून तोंड दुखलं, तरी बाटली येतेच. घोट्याच्या बाहेरच्या बाजूचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड जोडणारा बंध, ताणलं किंवा फाटलं की आतल्या बारीक रक्तवाहिन्याही फुटतात. त्यावर चोळलं, गरम पाण्याचा शेक दिला किंवा ‘नस चढलीय, बसवून देतो’ म्हणत पाऊल पिरगाळलं, की रक्तस्राव वाढतो. लवकर ओसरली असती ती सूज जास्त दिवस राहते. पहिले 48 ते 72 तास चोळू नका, शेकू नका. क्रेप बँडेज बोटांकडून वर घोट्याकडे, इंग्रजी आठच्या आकारात बांधा. बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडून सैल बांधा. झोपताना पायाखाली दोन उशा घ्या. दुखत असेल तर बर्फ फडक्यात गुंडाळून 10-15 मिनिटं धरा. थेट कातडीवर ठेवलात तर चटका बसतो.

‘चालता येतंय म्हणजे हाड ठीक.’ तेवढ्यावर विसंबू नका. आतल्या किंवा बाहेरच्या घोट्याच्या हाडाची मागची कड टोकापासून वर 6 सेंमीपर्यंत बोटाने दाबून पाहा. करंगळीच्या रेषेत पावलाच्या मधोमध बाहेर आलेलं हाड आणि आतल्या बाजूला कमानीवरचं हाड, तेही दाबा. यातलं काही नेमकं हाडावर दुखलं, किंवा लागल्यावर लगेच आणि नंतरही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढाच. आणि एक्स-रे स्वच्छ आला म्हणजे काही झालंच नाही असंही नाही, कारण त्यात लिगामेंट दिसत नाही.

दुखणं थांबलं की मॅटवर. घोटा पुन्हापुन्हा मुरगळतो तो मुख्यतः यामुळे. दृश्य ठरलेलं असतं. दहाव्या दिवशी निवड चाचणी, सूज ओसरलेली, सरळ धावताना काही होत नाही. पोरगं अँकलेट (घोट्याचा आधारपट्टा) चढवून उतरतं. पहिल्या दोन चढाया बऱ्या जातात. तिसऱ्या चढाईत डावी-उजवी झुकांडी देताना तोच पाय, तशाच तऱ्हेने दुमडतो. मग सगळे म्हणतात, नशीब खराब.

नशिबाचा संबंध नाही. लिगामेंटमध्ये पावलाचा कल मेंदूला कळवणारी चेतातंतूंची टोकं असतात, तीही दुखावलेली असतात. पिंढरीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल सावरायला उशिरा जागे होतात. हे दुखत नाही, म्हणून कळतही नाही.

घोटा पुरता वाकतो का, हे तपासायला भिंत पुरे. अंगठा भिंतीपासून 10 सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच जाऊ द्या. तो आत ढकलून, पावलाची कमान पाडून टेकवला तर ती फसवणूक. पाऊल पुढे-मागे सरकवून, गुडघा जेमतेम टेकतो ते अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर प्रत्येक पायाचं वेगळं मोजा. 2 सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर घोटा अजून आखडलेला आहे. असा घोटा घेऊन वाकलात तर गुडघा आत पडतो, आणि पुढे तक्रार गुडघ्याची सुरू होऊ शकते. मग सगळे गुडघाच तपासत बसतात.

मग एका पायावर उभं राहणं. आधी फरशीवर 30 सेकंद, मग डोळे मिटून, मग घडी घातलेल्या गोधडीवर, शेवटी गोधडीवर उभं राहून भिंतीवर चेंडू मारून झेलणं. दात घासताना करा, म्हणजे वेळ नाही ही सबब उरत नाही. सोबत एका पायावर टाचा उचला, रोज 15 चे तीन संच. मॅटवर परतण्याआधी एका दमात, पूर्ण उंचीपर्यंत 20-25 निघाल्या पाहिजेत. अठराव्याला टाच अर्धीच उठत असेल तर मोजणी तिथेच संपली. शेवटी एका पायावर लांब उडी, दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान 90 टक्के हवी. त्यानंतर नागमोडी धावणं, आणि मग अर्ध्या वेगाने चढाई. हे सगळं करायला साध्या मुरगळीलाही तीन-चार आठवडे लागतात. घाई असलेल्यांनी कॅरम खेळावा.

अँकलेट दिवसभर घालणं. खेळताना आणि सरावात घाला, पहिले काही महिने जरूर घाला. घरात, ऑफिसात काढून ठेवा.

प्रत्येक मुरगळ सारखी समजणं. दुखणं घोट्याच्या वर, नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये असेल आणि पाऊल बाहेर फिरवल्यावर वाढत असेल, तर वरचं वेळापत्रक विसरा. ती दुखापत वेगळी, भरायला बराच जास्त वेळ घेते. आधी डॉक्टरांना दाखवा आणि ते सांगेपर्यंत त्या पायावर उड्या मारून पाहू नका.