गाडीचा हीटर गरम हवा देत नाही? डॅशबोर्ड खोलायच्या आधी या चुका टाळा

पुण्यात हीटर लागतो जेमतेम दोन महिने, त्यामुळे तो बिघडलाय हे कळतं डिसेंबरमध्येच, भल्या सकाळी पाषाण नाहीतर एनडीए रोडनी निघालं की. मग ठरलेलं वाक्य, "एसीचा गॅस गेला वाटतं." अहो, गॅसचा आणि हीटरचा काही संबंध नाही! इंजिनचं तापलेलं कूलंट डॅशबोर्डमागच्या एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं, त्याला हीटर कोअर म्हणतात, आणि ब्लोअर त्यातून हवा ढकलतो, बास. (ईव्हीचं गणित वेगळं, ते इथे नको.)

म्हणूनच गाडी चालू केल्या केल्या ब्लोअर फुल्ल करून बोंब मारू नका, तापमानाचा काटा वर येऊ दे आधी, डिझेलला तर अजूनच वेळ लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन पाईपना हात न लावताच गॅरेजला गाडी टाकणं. गाडी नीट तापली की इंजिन बंद करून बॉनेट उघडा, मागे केबिनच्या पत्र्यात शिरणारे दोन रबरी पाईप दिसतील, फडकं घेऊन जपून चाचपा, कारण आतलं पाणी 90 अंशांच्या आसपास असतं आणि रेडिएटरचा फॅन इंजिन बंद असतानाही फिरू शकतो. दोन्ही गरम असतील तर पाणी पोचतंय, मग गरम-गार हवा वळवणारा आतला फ्लॅप, त्याची केबल किंवा मोटर अडकलीय, नॉब फिरवल्यावर डॅशबोर्डमागे टकटक वाजत असेल तर बहुतेक मोटरच. एक गरम आणि एक गार म्हणजे कोअर चोकअप, नाहीतर काही गाड्यांत असतो तो हीटर व्हॉल्व्ह बंद. दोन्ही गार असतील तर कूलंट कमी, एअर लॉक (म्हणजे पाईपमध्ये अडकलेली हवा) किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट पुढच्या रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह). आणि सेकंडहँड गाडी असेल तर हे पाईप आत जातायत का तेच बघा, कारण कोअर लीक झाला की दोन्ही पाईप बाहेरच्या बाहेर एकमेकांना जोडून गाडी विकून टाकणारे महाभाग आहेत.

कूलंट कमी दिसलं की नळाचं पाणी ओतणं हा आपला राष्ट्रीय छंद. त्यात वाघोलीसारख्या ठिकाणी टँकरचं, बोअरचं जड पाणी, बादलीवर जसा पांढरा थर बसतो तसाच तो कोअरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि पहिला बळी हीटरचा जातो. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट टाका, कमी का झालं ते शोधा, आणि गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका, आतलं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

कूलंट बदलल्यावरच हीटर गेला असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर डॅशबोर्डमागे खळखळ ऐकू येत असेल तर हवा अडकलीय. गार इंजिनवर झाकण उघडून, सोसायटीच्या रॅम्पवर गाडीचं नाक वर करून (मोकळ्यावर हं, बेसमेंटमध्ये नको, धूर कोंडतो), हीटर फुल्ल गरमवर ठेवून इंजिन चालू करायचं, बुडबुडे येतील तसं कूलंट भरत जायचं. काही गाड्यांना यासाठी वेगळा ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू असतो, तिथे तोच वापरा.

हायवेला लागलं की काटा खाली उतरत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय, किंवा "आपल्याकडे गरज नसते साहेब" म्हणत कुणीतरी काढूनच टाकलाय. याला अजिबात हो म्हणू नका, इंजिन धड तापत नाही, हीटर जातो आणि ॲव्हरेजही पडतं.

आत गोडसर वास, काचेवर तेलकट धुकं आणि पुढच्या सीटखालचं कार्पेट ओलं, तर कोअर लीक आहे. लीक बंद करायची पावडर-बाटली ओतू नका, चांगल्या नळ्याही बुजतात. पार्ट नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत विचारून घ्या, आणि मजुरीचा आकडा डॅशबोर्ड उतरवायच्या आधी ठरवा, बऱ्याचदा पार्टपेक्षा तीच जड पडते.