हँडीवर ७ मेगाहर्ट्झ ऐकताना : नव्या हॅमसाठी एक अनुभव

‘हँडीची रेंज वाढवता येते का?’ असे नव्याने हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओचालक, झालेले मित्र हातात मावणाऱ्या रेडिओ संचाबद्दल विचारतात, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा अंतर असते. आपला आवाज पुण्याहून थेट साताऱ्यापर्यंत पोहोचावा, अशी त्यांची इच्छा असते. माझा हा अनुभव दुसऱ्या रेंजचा, म्हणजे हातातला संच कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी ऐकू शकतो याचा आहे. ही वाढवताना मी जितके शिकलो तितके परीक्षेच्या अभ्यासातही शिकलो नव्हतो, म्हणून तो सविस्तर लिहीत आहे.

संच क्वानशेंग यूव्ही-के५ हा होता. त्याच्या पोटात रेडिओचे मुख्य काम बीके४८१९ ही आयसी (चिप) करते, तर एफएम प्रसारण ऐकण्यासाठी बीके१०८० ही वेगळी आयसी बसवलेली असते. २०२३पासून हौशी मंडळींनी या संचासाठी खुले फर्मवेअर, म्हणजे संच चालवणारे आतले सॉफ्टवेअर, तयार केले आणि ते भरले की मुख्य आयसीची मूळ क्षमता मोकळी होते. मधला ६६० ते ८४० मेगाहर्ट्झचा तुकडा सोडला तर १८पासून १३०० मेगाहर्ट्झपर्यंत कोणताही आकडा पडद्यावर लावता येतो. मीही पहिल्या संध्याकाळी २८ मेगाहर्ट्झ लावून बसलो आणि तासभर केवळ खरखर ऐकली. आकडा लागला याचा अर्थ संचाला ऐकू येते असा होत नाही, कारण अँटेना आणि आयसी यांच्यामधले फिल्टर दोन मीटर (१४४ मेगाहर्ट्झच्या आसपास) आणि सत्तर सेंटीमीटर (४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास) या पट्ट्यांसाठी बांधलेले असतात आणि त्यांच्याबाहेरचा सिग्नल आयसीपर्यंत पोहोचताना पार अशक्त होतो. ‘सिलेक्टिव्हिटी’ (हवा तोच सिग्नल निवडण्याची क्षमता) आणि ‘सेन्सिटिव्हिटी’ (अशक्त सिग्नल ऐकण्याची क्षमता) या पाठ केलेल्या शब्दांचा खरा अर्थ मला त्या तासाभरात कळला.

फर्मवेअर भरणे सोपे आहे. पीटीटी, म्हणजे बोलताना दाबायचे बटण, दाबून धरत संच सुरू केला की टॉर्च पेटते, म्हणजे संच प्रोग्रामिंगसाठी तयार झाला. पुढचे काम केबल आणि संगणक करतात. मात्र त्याआधी इइप्रॉम या मेमरी चिपमधल्या कॅलिब्रेशनची, म्हणजे कारखान्यात केलेल्या जुळणीच्या आकड्यांची, प्रत काढून ठेवावी, हे मी कळकळीने सांगतो. ती माहिती प्रत्येक संचाची स्वतंत्र असते. मित्राच्या संचातली आणून भरता येत नाही. माझ्या पहिल्या संचाच्या वेळी ही प्रत घ्यायची राहिली, नंतर बॅटरीचा आकडा चुकीचा दिसू लागला, स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर बंद ठेवणारी सोय) अवेळी उघडू लागला, आणि तो संच पुन्हा कधीच पूर्ववत झाला नाही.

शॉर्टवेव्ह ऐकायची असेल तर सोल्डरिंग आयर्न हाती घ्यावे लागते. बीके१०८० काढून तिच्या जागी एसआय४७३२ बसवायची, असा हा बदल आहे. ही आयसी मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्ह ऐकते आणि पॅच (जोड-सॉफ्टवेअर) भरल्यास हॅम शॉर्टवेव्हवर बोलण्यासाठी वापरतात ती एसएसबी पद्धतसुद्धा उलगडते. तो पॅच मूळच्या ८ किलोबाइटच्या इइप्रॉममध्ये मावत नाही, त्यामुळे तीही मोठी बसवावी लागते. शिवाय जुन्या आयसीला फक्त एफएमची वाट होती आणि नवीला एएमसाठी वेगळा पाय असतो, म्हणून अँटेनाकडून त्या पायापर्यंत एक छोटी जोडणी स्वतः द्यावी लागते. जुनी आयसी उचलताना घाई करू नये. शेजारच्या भागांवर कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी चिकटपट्टी) लावावी, फ्लक्स (सोल्डर नीट वितळवणारा लेप) सढळ हाताने घालावा, हॉट एअरने (गरम हवेच्या झोताने) तापवावे आणि चिमट्याने हलकेच टोचून पाहावे. आयसी किंचित तरंगल्यासारखी सरकली की मगच ती उचलावी. त्याआधी ओढली तर खालचे पॅड पट्टीसकट उखडतात, आणि ते केसाएवढ्या तारेने सांधण्यात दिवस जातो. ज्यांनी हॉट एअरवर कधी काम केलेले नाही, त्यांनी आधी एखाद्या भंगार मोबाइलच्या बोर्डावर आठ-दहा आयसी काढून पाहाव्यात.

काम झाल्यावर रात्री १० मेगाहर्ट्झ लावावे. तेथे चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या केंद्राचे सेकंदाचे ठोके ऐकू येतात, आणि त्याची फ्रिक्वेन्सी अत्यंत अचूक असल्याने आपला संच किती चुकतो हे त्यावरून मोजता येते. यूएसबी (एसएसबीची वरची बाजू) निवडून ९.९९९वर जी शीळ ऐकू येते, तीच एलएसबी (खालची बाजू) निवडून १०.००१वरही त्याच सुरात यायला हवी. सुरात फरक पडला तर क्रिस्टलची चूक फर्मवेअरमधून दुरुस्त करावी. मग ७ मेगाहर्ट्झवर यावे. भारतात ७.००० ते ७.२०० ही आपली पट्टी आहे आणि तेथे बोलणे एलएसबीवर चालते. आधी घशात अडकल्यासारखा आवाज येतो. दहा-दहा हर्ट्झने सरकत गेले की एका क्षणी तो माणसाचा होतो आणि कॉल साइन (त्या हॅमचे परवान्यावरचे सांकेतिक नाव) स्पष्ट कळते. हा क्षण प्रत्येक नव्या हॅमच्या वाट्याला यावा, असे मला मनापासून वाटते.

रबरी अँटेनावर मात्र हे होणार नाही. या पट्टीचा पाव तरंग सुमारे १० मीटरचा असतो, तेव्हा तेवढी तार गच्चीवर किंवा झाडावर ताणावी. फ्लॅटमध्ये एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जर इतका गोंगाट करतात की मी पहिले दोन दिवस आयसीच सदोष समजत होतो; घरातला मेन स्विच बंद केल्यावर सगळे स्वच्छ ऐकू आले. उलट बाजूने, लांब तार जोडल्यावर जवळच्या मीडियम वेव्ह केंद्राचा जोरदार सिग्नल या छोट्या आयसीला दाबून टाकतो आणि तेच प्रसारण भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागते. अशा वेळी तार आखूड करून पाहावी.

एका गोष्टीत मी तडजोड करत नाही. ऐकण्याची कक्षा वाढवताना प्रक्षेपण १४४ ते १४६ आणि ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ या आपल्या पट्ट्यांपुरतेच बंदिस्त ठेवावे. खुल्या फर्मवेअरमध्ये ते कुलूप उघडता येते, पण या संचाचे फिल्टर इतर पट्ट्यांसाठी नसल्यामुळे हार्मोनिक्स (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) थेट दुसऱ्याच्या, कधी विमानांच्या, फ्रिक्वेन्सीवर जाऊन पडू शकतात. परवाना हाती येईपर्यंत संच घेऊच नये, आणि आपल्यासाठी नसलेले संभाषण चुकून कानावर पडले तर ते कोणालाही सांगू नये.

मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, तार किती लांब होती आणि काय ऐकू आले, एवढेच त्यात लिहितो. महिनाभराच्या नोंदी झाल्यावर ४० मीटर, म्हणजे हीच ७ मेगाहर्ट्झची पट्टी, सकाळी कधी उघडते आणि दुपारी कधी मंदावते, हे मला माझ्याच गच्चीवरून सांगता येऊ लागले.