पाऊस आणि भरती एकदम आली तर: ओढ्याच्या पाण्यावर लक्ष कसं ठेवायचं

किनाऱ्यावरच्या गावातला ओढा वरून पावसाने भरतो आणि खालून समुद्राने तुंबतो. त्यामुळे नुसती पाण्याची उंची लिहून ठेवण्याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. उंचीशेजारी वेळ आणि वेळेशेजारी भरती की ओहोटी, हे तिन्ही लिहिलेलं असेल तरच त्या नोंदीवरून पुढच्या दोन तासांचा अंदाज बांधता येतो.

पावसाळ्याआधी, ओहोटी असताना, मुखापासून वरपर्यंत ओढा चालून काढा. हाताने नकाशा काढा: मोऱ्या (रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेल्या वाटा), साकव, वळणं, येऊन मिळणारी गटारं, काठ सगळ्यात ठेंगणा कुठे आहे ते. पुलाच्या खांबांवर कालवं कुठवर चिकटली आहेत तेही टिपून ठेवा. तिथवर खारं पाणी नेहमी पोचतं. भरतीमुळे गोडं पाणी अडून राहतं ते मात्र त्याच्याही बरंच वर, आणि घरांत शिरतं ते बहुधा हेच पाणी.

आता मोजपट्टी. एकच लावणार असाल तर मोरीच्या वरच्या अंगाला, सरळ भागात, भोवऱ्यापासून लांब लावा. पण माझा आग्रह दोन पट्ट्यांचा आहे: एक मोरीच्या वर, एक खाली. दोन्हींचा शून्य एकाच पातळीत हवा. त्यासाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते; फक्त नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. शून्य उन्हाळ्यातल्या सर्वांत कमी पाण्याच्याही खाली घ्या, आणि पुलाच्या पक्क्या दगडावर खूण कोरून तिच्यापासून शून्य किती खाली आहे ते वहीत लिहून ठेवा. पुरात पट्टी वाहून गेली तरी नवी पट्टी त्याच पातळीला बसवता येते, आणि जुन्या नोंदी वाया जात नाहीत.

दोन पट्ट्यांचा खरा उपयोग असा. वरची पातळी चढते आहे आणि खालची जागची हलत नाही, तर मोरीत काहीतरी अडकलंय. दोन्ही बरोबरीने चढत आहेत आणि त्यांच्यात फरक जेमतेम आहे, तर पाणी खालून अडलंय. अशा वेळी मोरी साफ करायला माणसं पाठवून उपयोग नाही, सखल घरांतलं सामान वर चढवायला पाठवा. पाणी हिंदकळत असेल तर लाटेचा माथा आणि तळ दोन्ही बघून मधला आकडा घ्या. आकडे काठावरून, रात्री विजेरीच्या उजेडात वाचता येतील एवढे मोठे रंगवा. वाचायला खाली उतरायची वेळ येत असेल तर पट्टी चुकीच्या जागी आहे.

पावसासाठी साधा पर्जन्यमापक पुरे. जवळच्या झाडाच्या किंवा भिंतीच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर, उघड्यावर ठेवा. १ चौरस किलोमीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. जोराची सर कधी संपली आणि पट्टीवर सर्वांत मोठा आकडा कधी आला, यांतलं अंतर दर वेळी लिहा. लहान आणि बांधकामाने भरलेल्या भागात ते तासाभराहूनही कमी असू शकतं. तेवढीच सवड तुमच्या हातात असते.

भरतीचं कोष्टक भिंतीवर लावा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे रोजची वेळ साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास आणि त्यानंतर एक-दोन दिवस उधाण असतं. त्या दिवशी मोठ्या पावसाचा इशारा असेल तर भरतीच्या आधीपासूनच पट्टीवर माणूस हवा. कोष्टकातले आकडे चंद्र-सूर्याच्या हिशेबाचे असतात. वारा आणि हवेचा दाब त्यांत धरलेला नसतो. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की समुद्र सुमारे १ सेंटिमीटर चढतो, आणि किनाऱ्याकडे वाहणारा जोराचा वारा आणखी भर घालतो. शिवाय ओढ्यात भरती कोष्टकातल्या बंदरापेक्षा उशिरा लागते. किती उशिरा, ते कोरड्या दिवशी पट्टीवर बघून ठरवा.

मुखाशी उघाडी, म्हणजे भरतीला बंद होणारं आणि ओहोटीला उघडणारं झडपेचं दार, असेल तर तिची झडप ओहोटीला तपासा. बिजागरी गंजली नाही ना, कडेला फांदी किंवा बाटली अडकून फट राहिली नाही ना, ते बघा. त्या फटीतून भरतीचं पाणी आत येतं. आणि झडप बंद असते तेवढा वेळ पावसाचं पाणी आतच साठतं, हेही हिशेबात धरा.

गाळ आणि कचरा पावसाआधीच काढा. काढलेला गाळ काठावर ठेवू नका, पहिल्याच सरीत तो परत आत येतो. काठाची मुळं खरवडू नका, कांदळवनाला हात लावू नका. मुखाजवळ तळ वाजवीपेक्षा खोल केला तर खारं पाणी आणखी आत येतं, हे मला पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. वाहत्या पुरात मोरीच्या जाळीजवळ कोणालाही उतरू देऊ नका. तिथली ओढ पोहणाऱ्यालाही जाळीवर दाबून धरते.

इशाऱ्याचा आकडा उलटा मोजत या. सर्वांत सखल घराच्या उंबऱ्याची पातळी पट्टीवर किती येते ते पाण्याच्या नळीनेच काढा. त्या घरातल्या आजारी माणसाला हलवायला किती वेळ लागतो ते घरच्यांना विचारा. तेवढ्या वेळात पाणी किती चढतं ते वहीत सापडेल. ते वजा करून जो आकडा येईल तिथे लाल पट्टा रंगवा आणि कोणी कोणाला फोन करायचा ते नावानिशी ठरवा.

पूर ओसरल्यावर, भिंती धुण्याआधी, पाण्याच्या रेषा पेन्सिलीने आखून घ्या, तारीख घाला आणि पट्टीच्या शून्यापासून त्यांची उंची मोजा. घराबाहेरच्या भिंतीवर लाटांमुळे रेषा उंच दिसते, म्हणून शक्य तिथे खोलीच्या आतली रेषा घ्या.